सहानुभूतीनं कुणाचं घोडं मारलं?

कोशकार नोहा वेब्स्टरची एक गोष्ट सांगतात. साहेब घरातल्या मोलकरणीचं चुंबन घेत असताना बायको अचानक खोलीत आली. ती म्हणाली, ‘नोहा, आय ॲम सरप्राइज्ड!’ कोशकार शांतपणे म्हणाले, ‘नाही प्रिये. सरप्राइज्ड मी आहे. तू ॲस्टॉनिश्ड आहेस.’ हीच गोष्ट सॅम्युएल जॉन्सनच्या नावावरही खपते आणि दोघांच्याही बाबतीत तिला कसलाही पुरावा नाही. पण विनोद व्युत्पत्तीला धरून आहे. ‘सरप्राइज’ म्हणजे मुळात बेसावध गाठणं, छापा घालणं. ‘ॲस्टॉनिश’च्या मुळाशी मेघगर्जना आहे, वीज कडाडून माणूस दिङ्मूढ होणं. तेव्हा बेसावध गाठला गेला तो, आणि वीज कोसळली ती तिच्यावर.

या विनोदात मला जास्त रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत. बायको वागण्याबद्दल बोलते आहे आणि नवरा शब्दांबद्दल. दोन शब्दांतला फरक सांगायला लागला की माणूस आपोआप एक पायरी वर चढतो. चोरीच्या क्षणीसुद्धा तो मास्तर होतो आणि समोरची व्यक्ती विद्यार्थिनी.

तुमच्या मोबाइलवर ही पायरी रोज येत असणार. ‘हिअर’ आणि ‘लिसन’, ‘हाउस’ आणि ‘होम’, ‘अलोन’ आणि ‘लोनली’. चौकोनी चित्र, मधे रेघ, डावीकडे एक शब्द आणि उजवीकडे एक. मी अशा पोस्ट बऱ्याच साठवून ठेवल्या आहेत आणि एक गोष्ट मला सारखी दिसते. त्यांत दोन शब्दांचा फरक फारसा नसतोच, दोन माणसांचा असतो. डावीकडचा माणूस उथळ, उजवीकडचा खोल. ‘हिअर’वाल्याला फक्त कान, ‘लिसन’वाल्याला मन. ‘हाउस’वाल्याकडे विटा, ‘होम’वाल्याकडे माया. वाचणारा अर्थातच स्वतःला उजवीकडे धरतो, हृदयाचं बटण दाबतो आणि पुढे सरकतो. इंग्रजीत ‘हिअर’ हा शब्द न्यायालयातल्या सुनावणीलाही वापरतात आणि देवानं प्रार्थना ऐकण्यालाही, हे त्या चौकोनात मावत नाही.

हा प्रकार नवा नाही. इंग्रजीत १८व्या शतकापासून समानार्थी शब्दांतले फरक सांगणारी पुस्तकं निघत आली आहेत. त्यांतलं मला सगळ्यात आवडणारं पुस्तक १७९४चं, हेस्टर लिंच पिओझी या बाईंचं ‘ब्रिटिश सिनॉनिमी’. या बाई म्हणजे जॉन्सनच्या जुन्या स्नेही मिसेस थ्रेल. बिअर बनवण्याच्या धंद्यातले श्रीमंत पती वारल्यावर त्यांनी १७८४ साली गाब्रिएल पिओझी या इटालियन संगीतकाराशी लग्न केलं, तेव्हा जॉन्सन इतका भडकला की मैत्रीच संपली. पुढे बाईंनी दोन खंडांचं हे पुस्तक लिहिलं, ते घरगुती बोलण्यात कुठला शब्द कुठे शोभतो हे सांगण्यासाठी. नजरेसमोर होते इंग्रजी नव्यानं शिकणारे परदेशी लोक. आपल्या परक्या नवऱ्याला दिवाणखान्यात कुणी हसू नये ही काळजी मला त्यात दिसते, आणि म्हणून त्या पुस्तकाचा सूर पायरीवरून बोलण्याचा नाही, शेजारी बसून कानात सांगण्याचा आहे. १८१६ साली जॉर्ज क्रॅब यांचं जाडजूड पुस्तक आलं, ते भरपूर वर्षं चाललं. पण त्यात मास्तर परत आला.

आता प्रश्न असा की हे फरक येतात कुठून? सगळे एकाच ठिकाणाहून येत नाहीत.

काही फरक भाषेच्या पोटात, कुणी न सांगता झालेले असतात. ‘शेड’ आणि ‘शॅडो’ घ्या. झाडाखालची ती शेड, माणसाची पडते ती शॅडो. आपल्याला दोन्हींसाठी ‘सावली’ पुरते. सावलीत बसतो आणि स्वतःच्या सावलीला घाबरतो. गंमत म्हणजे इंग्रजीतही मुळात हा एकच शब्द होता. जुन्या इंग्रजीत आपल्यासारख्या विभक्त्या होत्या. त्यातल्या प्रथमेच्या रूपापासून ‘शेड’ झाला आणि इतर विभक्त्यांच्या रूपापासून ‘शॅडो’. म्हणजे उद्या मराठीतली विभक्ती गळून पडावी, ‘पाणी’ आणि ‘पाण्या’ असे दोन शब्द मागे उरावेत आणि लोकांनी एक प्यायच्या पाण्याला ठेवावा, दुसरा पुराच्या, असं काहीतरी. या फरकाशी भांडण असण्याचं कारण नाही. इंग्रजी शिकायची तर तो शिकावाच लागतो.

काही फरक मात्र मास्तरांनी केलेले असतात. ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ हे त्याचं नामांकित उदाहरण. मोजता येतं त्याला फ्यूअर, मोजता येत नाही त्याला लेस. स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही क्लासमध्ये हा नियम गुरुत्वाकर्षणाच्या थाटात सांगतात. तो मागे नेत गेलं तर पोचतो रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाच्या १७७० सालच्या पुस्तकापाशी आणि तिथे तो नियम नसून एका माणसाची आवड आहे. मला असं बरं वाटतं, एवढंच. ९व्या शतकात राजा आल्फ्रेड मोजता येणाऱ्या गोष्टींना बिनधास्त ‘लेस’चं जुनं रूप लावत होता. तरी २००८ साली ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांनी ‘दहा वस्तू किंवा लेस’ ही पाटी शुद्धलेखनवाल्यांच्या कटकटीमुळे बदलायला घेतली. ‘फ्यूअर’ लिहिलं नाहीच. ‘दहा वस्तूंपर्यंत’ असं काहीतरी लिहून भांडणाच्या बाहेर पडले. व्यापारी माणूस शहाणा असतो.

आणि काही जोड्यांत फरक खरा असतो, पण पाय रोवून उभा राहत नाही. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे स्वार्थ नसलेला, निःपक्ष. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला. हे दोन शब्द एक झाले म्हणून इंग्रजी स्तंभलेखक दर थोड्या वर्षांनी गळा काढतात. प्रत्यक्षात १७व्या शतकात या शब्दांचे अर्थ जवळजवळ उलटे सापडतात. अर्थ पुढे सुटे झाले, आता पुन्हा मिसळताहेत. या घसरणीचं मला नवल वाटत नाही, कारण आपल्याकडे नेमकी तीच झालेली आहे. ‘उदासीन’ म्हणजे शब्दशः वर, बाजूला बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उदासीन हा कुणाच्याच बाजूचा नसलेला, पण बलवान राजा आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताचा गुण आहे. आज ‘प्रशासन उदासीन’ अशी बातमी वाचून कुणाला भक्त आठवत नाही. बाजू न घेणारा आणि पर्वा न करणारा ही दोन माणसं लांबून सारखीच दिसतात. दोन्ही भाषांना ती सारखी दिसली.

हे सगळं मी सांगते आहे ते एका जोडीपाशी येण्यासाठी, कारण तिची झळ थेट मराठीला लागली आहे. ‘सिंपथी’ आणि ‘एम्पथी’.

या जोडीचा आजचा लोकप्रिय अर्थ बहुतेकांना ब्रेने ब्राउन यांच्या व्याख्यानावरच्या एका छोट्या ॲनिमेशनपटामुळे माहीत आहे. लंडनच्या आरएसए या संस्थेनं तो २०१३ साली काढला. एक कोल्हा दुःखाच्या खड्ड्यात पडलाय. अस्वल शिडीनं खाली उतरतं आणि त्याच्याजवळ बसतं, ही एम्पथी. हरणासारखा एक प्राणी वरून डोकावतो, अरेरे म्हणतो आणि विचारतो, सँडविच खाणार का? ही सिंपथी. एम्पथी माणसं जोडते, सिंपथी तोडते, असा त्याचा सारांश. अडीच-तीन मिनिटांचा हा पट गोड आहे आणि त्यानं पुष्कळ लोकांना एक कामाची गोष्ट शिकवली: दुःखी माणसापुढे ‘निदान अमुक तरी आहे ना’ असं म्हणू नये. पण शब्दांबद्दल तो जे सांगतो ते मला पटत नाही. इतिहास म्हणून नाही आणि माणूस म्हणूनही नाही.

आधी इतिहास. ॲडम स्मिथ आपल्याला अर्थशास्त्रज्ञ म्हणून माहीत असतो, पण त्याचं पहिलं पुस्तक १७५९चं, माणसाच्या नैतिक भावनांवरचं, आणि त्यातलं पहिलंच प्रकरण सिंपथीवर आहे. तो म्हणतो, भाऊ छळयंत्रावर असला तरी आपल्या ज्ञानेंद्रियांना त्याच्या वेदना कळत नाहीत. कल्पनेनं आपण स्वतःला त्याच्या जागी ठेवतो तेव्हाच काही कळतं. दुसऱ्याच्या पायावर फटका बसणार असं दिसलं की आपण आपला पाय मागे घेतो. दोरावर डोंबारी डुलतो तसे खाली उभे असलेले लोकही अंग वळवतात. आणि हे फक्त दुःखापुरतं नाही, कुठल्याही भावनेत सोबत असणं म्हणजे सिंपथी, हेही तो मुद्दाम सांगतो. आज कुठल्याही कॉर्पोरेट प्रशिक्षणात ही उदाहरणं दिली तर समोरचे एका सुरात ‘एम्पथी!’ म्हणतील. म्हणजे अस्वलाचं काम दीडशे वर्षं सिंपथीच करत होती.

मग एम्पथी कुठून आली? चक्क डोंगरांतून. जर्मन सौंदर्यशास्त्रात १८७३च्या सुमारास रॉबर्ट फिशर यांनी ‘आइनफ्युलुंग’ हा शब्द चालवला, ‘आत शिरून जाणवणं’ अशा अर्थाचा. पुढे थिओडोर लिप्स यांनी तो मोठा केला. १९०९ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवणारे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी त्याचं भाषांतर म्हणून ग्रीक तुकडे जोडून ‘एम्पथी’ हा शब्द इंग्रजीत आणला. तेव्हा त्याचा रोख मुख्यतः वस्तूंकडे, कलेकडे होता. डोंगर काही करत नाही, पडून असतो, तरी आपण म्हणतो डोंगर ‘उठलाय’. ते उठणं आपलं, आपण त्याला दिलेलं. व्हर्नन ली या लेखिकेनं १९१३च्या पुस्तकात एम्पथी समजावली आहे ती याच उदाहरणानं. माणसांच्या दुःखाशी त्या शब्दाचं लग्न नंतर लागलं, मुख्यतः समुपदेशन आणि मानसोपचाराच्या खोलीत. व्यावसायिकांना एक असा शब्द हवा होता ज्यात रडणं, शेजारधर्म, शोकसंदेशाचं कार्ड यातलं काही नको. सिंपथी तोवर त्या कार्डांवर छापून छापून गुळगुळीत झाली होती. त्यांची गरज खरी होती, यात शंका नाही. (जाता जाता, आजच्या ग्रीक भाषेत ‘एम्पाथिया’ म्हणजे आकस, द्वेष. अथेन्समध्ये जाऊन मी तुमच्याबद्दल एम्पथी बाळगतो असं सांगायच्या आधी विचार करा.)

कार्ल रॉजर्स हे या व्यावसायिक एम्पथीचे मोठे आचार्य. १९५७च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात अट अशी आहे की समोरच्याचं जग जणू आपलंच आहे असं जाणावं, पण तो ‘जणू’ कधीही सुटू देऊ नये. हा ‘जणू’ लक्षात ठेवा, मराठीत येताना तोच हरवला.

मराठीत झालं असं. सिंपथीला आपल्याकडे ‘सहानुभूती’ होता. शब्द फोडून पाहा: सह आणि अनुभूती. ग्रीकमध्ये ‘सिन’ म्हणजे सोबत आणि ‘पाथोस’ म्हणजे भोगलेलं, जाणवलेलं. रचना तंतोतंत तीच. मग एम्पथी आली. तिला सहानुभूती म्हणावं तर ते घर भरलेलं. म्हणून ‘समानुभूती’ आला, ‘तदनुभूती’ आला. एका कार्यशाळेच्या कागदावर तर मी ‘सहानुभूती’ म्हणजे सिंपथी आणि ‘सह-अनुभूती’ म्हणजे एम्पथी असंही छापलेलं पाहिलं आहे. म्हणजे संधी केला तर तुम्ही हरीण, सोडवला तर अस्वल.

नवे शब्द घडवण्याला माझा विरोध नाही. पण नव्या शब्दाला उजवीकडे बसवायचं तर जुना डावीकडे जातो, त्या चौकोनाचा नियमच तसा. आता शाळेतल्या मूल्यशिक्षणापासून रुग्णालयातल्या प्रशिक्षणापर्यंत तक्ते दिसतात: सहानुभूती म्हणजे वरून पाहणं, समानुभूती म्हणजे बरोबरीनं जाणणं. ज्या शब्दाच्या पोटात ‘सह’ बसला आहे त्यालाच सांगायचं की तू लांब उभा आहेस!

आणि ब्राउन यांच्या पटातला तो वरून डोकावणारा प्राणी जे करतो त्यासाठी मराठीत शब्द नाही का? आहे. कीव. ‘मला तुझी कीव येते’ हे वाक्य कुणी प्रेमानं म्हणत नाही. तिच्या शेजारीच ‘कणव’ आहे, ऐकायला सख्खी बहीण. पण कणव येते तेव्हा माणूस खाली वाकतो आणि कीव येते तेव्हा मान उंच होते. पलीकडे ‘कळवळा’ आहे, ज्याला तुकोबांनी मोठं केलं. ‘अनुकंपा’ होती; ती सरकारनं नोकरीच्या फायलीत नेऊन ठेवली, आता तिच्यातला कंप कुणाला जाणवत नाही. एवढी बारीक वीण आपल्याकडे असताना आपण इंग्रजीतली एक दुपदरी जोडी उचलली आणि तिच्या मापाचं कापड फाडलं. सिंपथीची बदनामी इंग्रजीत झाली, शिक्षा सहानुभूतीला मिळाली.

इथे एक खरी हरकत येते आणि ती बाजूला सारता येणार नाही. सहानुभूतीवरचा राग आपल्याकडे फक्त इंग्रजी व्हिडिओतून आलेला नाही. दलित साहित्यानं तो फार आधी आणि फार मोठ्या कारणासाठी व्यक्त केला आहे. बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३चं, ढसाळांचं ‘गोलपिठा’ १९७२चं, दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. ही पुस्तकं आली तेव्हा त्यांच्याआधी मराठीत अस्पृश्यांबद्दल कळवळून लिहिलेल्या कथा नव्हत्या असं नाही. होत्या, आणि त्या लिहिणारे पुष्कळदा भले लोक होते. पण ते लिहिणं उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून होतं. हिंदी समीक्षेत तर ‘स्वानुभूती की सहानुभूती’ असा सरळ सामनाच उभा राहिला. या वादात सहानुभूती डावीकडे गेली ते मला योग्य वाटतं. तिथे शब्दाचा खेळ नव्हता. कुणी कुणाच्या वतीनं बोलायचं, हा हक्काचा प्रश्न होता.

पण याच कसोटीवर ‘समानुभूती’ला लावून पाहा. ‘सह’ एवढंच म्हणतो की मी तुझ्यासोबत आहे. ‘सम’ म्हणतो की मला तुझ्यासारखंच जाणवतंय. गटारात उतरणाऱ्या माणसाला वातानुकूलित खोलीतला लेखक, किंवा मी, कुठल्या तोंडानं ‘सम’ म्हणणार? वरून डोकावण्यापेक्षा ही आगाऊपणाची मोठी पायरी आहे. डोकावणारा निदान खड्डा आपला नाही हे मान्य करतो. रॉजर्सचा ‘जणू’ हवा होता तो इथे. तो ‘सम’मध्ये नाही. ‘सह’मध्ये मात्र आहे, कारण सोबत असायला दोन वेगळी माणसं लागतात. पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञानं २०१६ साली एम्पथीच्या विरोधात अख्खं पुस्तक लिहिलं, त्याची तक्रार आणखी वेगळी: एम्पथी टॉर्चसारखी असते, ज्याच्यावर झोत पडतो तेवढाच दिसतो आणि आपण झोत आपल्यासारख्या दिसणाऱ्यांवरच टाकतो. मला त्याचं सगळं पटत नाही, तो भावनेला जरा जास्तच घाबरतो. पण झोताबद्दल तो बरोबर आहे.

राहता राहिलं ते सँडविच. त्या पटात सगळ्यात अन्याय झाला आहे तो त्याच्यावर. आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारची बाई पिठलं-भाकरी घेऊन येते. त्या जेवणाला ‘कडू घास’ म्हणतात. ती काही खड्ड्यात उतरत नाही. तुझं दुःख मला समजतंय असं एक अक्षर बोलत नाही. पुष्कळदा ती फार जवळचीही नसते. परवापर्यंत नळावरून भांडण झालेलं असतं. ती ताट वाढते, दोन घास खा म्हणते, लहान पोरांना आपल्या घरी घेऊन जाते. अस्वल-हरणाच्या तक्त्यात ही बाई हरीण ठरते. मला तो तक्ता चुकीचा वाटतो तो याच बाईमुळे. जाणवण्याला आपण इतकं मोठं केलं की करण्याची किंमत उतरली. ‘आय फील यू’ टाइप करायला पिठलं घोटावं लागत नाही.

मी भाषांतरं करून पोट भरते. गेल्या वर्षी एका संस्थेची समुपदेशकांसाठीची पुस्तिका माझ्याकडे आली. त्यात हाच तक्ता होता, डावीकडे सिंपथी, उजवीकडे एम्पथी, प्रत्येकाखाली पाच पाच वाक्यं. मी डावीकडे ‘कीव’ लिहिलं आणि उजवीकडे ‘सहानुभूती’. खाली दोन ओळींची टीप जोडली. आठवड्यानं फाइल परत आली. डावीकडच्या ‘कीव’ला लाल रेघ मारून ‘सहानुभूती’ केलं होतं, उजवीकडच्या ‘सहानुभूती’ला लाल रेघ मारून ‘समानुभूती’. समासात लिहिलं होतं की प्रशिक्षणार्थींचा गोंधळ होईल, कृपया प्रचलित शब्द वापरावेत, आणि आपल्या मेहनतीबद्दल आम्हाला पूर्ण समानुभूती आहे.

मी त्यांना उत्तर पाठवलं: गोंधळ होतो हे मान्य, पण तक्त्यातली वाक्यं एकदा मोठ्यानं वाचून बघा. डावीकडचं प्रत्येक वाक्य ‘कीव’ घालून बरोबर बसतं, ‘सहानुभूती’ घातली की त्यातली दोन वाक्यं खोटी होतात. त्यातलं एक होतं, ‘हा माणूस सोबत बसत नाही.’ त्यांनी ते वाक्य काढलं. शब्द तसेच ठेवले.